सशांसाठी तिसरं घर

माझ्या पांढऱ्या सशाची मान डावीकडे कललेली आहे. कानात आत झालेला संसर्ग औषधांनी गेला, मान मात्र तशीच राहिली. कायम काहीतरी नीट ऐकू न आल्यासारखा तो सगळ्यांकडे बघतो. तोंड पुसायला पुढचे पाय उचलले की तोल जाऊन पडतो, म्हणून खालच्या बाजूचा डोळा त्याला साफ करता येत नाही. ते काम त्याचा भाऊ करायचा. गेल्या थंडीत भाऊ गेला. त्यानंतर पांढऱ्याने खाणं जवळजवळ सोडलं आणि तो डोळा चिकटू लागला.

मी कोमट पाण्यात कापूस भिजवून डोळा पुसायचे, सिरिंजने पातळ खाणं भरवायचे. तो सहन करायचा, एवढंच. सशाचं पोट फार वेळ रिकामं राहिलं तर आतडी थांबतात, आणि थांबली की पुन्हा चालू होतीलच असं नाही. आमच्या डॉक्टरांकडे येतात म्हशी, शेळ्या आणि कुत्री. त्यांनी पुण्यातल्या एका डॉक्टरांना फोन लावला, बराच वेळ नुसतं हूं हूं केलं आणि फोन ठेवून म्हणाले, "औषध आता काही नाही. याला जोडीदार बघा."

"आजारी मुलाला कोण देणार मुलगी?" जेवताना बाबा म्हणाले.

"तुम्हाला दिली की," आई म्हणाली. बाबांना लहानपणापासून दमा आहे.

स्थळ मिळालं नातेपुत्याला. तिथली एक मुलगी शिकायला हॉस्टेलवर निघाली होती आणि तिच्या करड्या मादीसाठी घर शोधत होती. मी तिला सगळं लिहून कळवलं: मान, डोळा, पिल्लं होऊ नयेत म्हणून झालेलं ऑपरेशन. लिहिणं मला जमतं. पण फोन आला तो तिच्या आईचा.

"मान वाकडी हाय म्हणता. सोभावानं कसा हाय?"

"शांत आहे."

"मग मान काय करायची? जावा घेऊन. पण जमलं न्हाय तर परत आणा बरं का. कुटंतरी सोडू नका."

करडीला आणलं आणि मी तिला सरळ आमच्या हॉलमध्ये सोडलं. तोंड पुसताना पडणारा माझा ससा तिच्या अंगावर धावून गेला. केसांचा पुंजका उडाला, तिने उलट लाथ मारली, तो दोनदा गडगडला. मी दोघांना वेगळं केलं. त्या दिवशी त्याने सिरिंजसमोरही तोंड उघडलं नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर समजावलं. ससा हनुवटी घासून आपला वास लावतो आणि जागा आपली ठरवतो, आणि आमच्या घरात त्याने हनुवटी घासली नाही असा एक खुर्चीचा पाय उरला नव्हता. पहिली भेट दोघांनाही अनोळखी अशा जागी हवी होती. गच्चीचा विचार केला, पण सोलापूरच्या उन्हात तिथे माणसाला पाय ठेववत नाही. उरलं समोरचं घर.

समोर राहणाऱ्या काकूंशी तीन वर्षांत माझं बोलणं मान हलवण्यापुरतं होतं. बाहेर पडायच्या आधी मी दाराच्या भिंगातून बघते आणि जिना रिकामा झाला की निघते. मी त्यांच्यासाठी मेसेज लिहिला, आधी इंग्रजीत, मग मराठीत, आणि मग लक्षात आलं की माझ्याकडे त्यांचा नंबरच नाही.

"आई, तू विचार ना."

"ससा तुझा आहे," आई म्हणाली. "दार समोर आहे."

काकू मेथी निवडत बसल्या होत्या. त्या अक्कलकोटकडच्या. घरात कन्नड, आमच्याशी मराठी.

"काकू, तुमची मागची खोली थोडा वेळ मिळेल का? सशांसाठी."

"कशापायी?"

मी सांगितलं. बहुतेक फार लांबवून सांगितलं, कारण त्यांनी मेथी बाजूला ठेवली.

"म्हंजे त्याच्या घरात न्हाय, तिच्या घरात न्हाय, तिसऱ्याच्याच घरात गाठ घालायची?"

"हो."

"आन् ही पद्धत सशांत हाय?" त्यांनी आत वळून नवऱ्याला कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. आतून हसू ऐकू आलं. "आमाला न्हाय कुणी असं इचारलं. मी टेम्पोतनं उतरले ती थेट सासूच्या दारात. ये की आत, दारात काय उभी राहतीस!"

गुळगुळीत फरशीवर पांढरा घसरेल म्हणून त्यांनी कपाटातून कोरी चादर काढून अंथरली. खराब होईल, असं मी म्हटलं. "धुता येती," त्या म्हणाल्या.

रोज दुपारी मी दोघांना तिकडे नेऊ लागले. भांडण झालं नाही, पण दुसरंही काही झालं नाही. खोलीच्या दोन टोकांना पाठ फिरवून दोघं बसायचे.

"बोलतच न्हाईत," काकू म्हणाल्या. "इंग्लिश मिडियमचे दिसत्यात दोघंबी."

मी हसले. उत्तर सुचलं तेव्हा त्या चहा टाकायला गेल्या होत्या.

असे बरेच दिवस गेले. नातेपुत्याला काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले होते. मग एका दुपारी काकूंनी मेथीचे देठ चादरीच्या मधोमध ठेवले. करडी पुढे येऊन खाऊ लागली. पांढरा बराच वेळ बसून राहिला, मग अडखळत निघाला आणि तिच्या जवळ पोचतो न पोचतो तोच तोल जाऊन तिच्या कुशीवर कोसळला. मी उठायला गेले. काकूंनी माझं मनगट धरलं.

"थांब की."

करडी खायची थांबली. तिने त्याला हुंगलं. तो पडल्या जागी मान खाली घालून तसाच राहिला. मग तिने त्याचा चिकटलेला डोळा चाटायला सुरुवात केली, घाई न करता, भाऊ चाटायचा तसाच. काकू कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या. मी अर्थ विचारला नाही. थोड्या वेळाने पांढऱ्याने तिच्या हनुवटीखालचा एक देठ ओढला. देठ हळूहळू तोंडात गेला आणि थंडीपासून न ऐकलेला तो बारीक करकर आवाज सुरू झाला.

जुना वास जावा म्हणून मी हॉल व्हिनेगरच्या पाण्याने घासून काढला आणि दोघांना घरी आणलं. सिरिंज धुऊन ड्रॉवरमध्ये ठेवली. आता समोर जायचं काही कारण उरलं नव्हतं, म्हणून मी गेले नाही.

आठवड्याने बेल वाजली. भिंगात काकू दिसल्या, हातात मेथीचे देठ.

"सासरी नेलीस ती नेलीसच," त्या म्हणाल्या. "म्हायेरी आणायची न्हाय का पोरीला?"

मी दोघांना टोपलीत घालून त्यांच्या मागोमाग गेले. चादर धुऊन पुन्हा अंथरलेली होती. पांढरा चादरीवर उतरला, एकदा पडला, उठला आणि वाकड्या मानेने काकूंकडे बघत राहिला. खालचा डोळा स्वच्छ होता.