शिट्टीमागे एक दाणा

शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकली की मला आमच्या ओट्यावरचे शेंगदाणे आठवतात. बायकोची किमो चालू होती तेव्हा रोज तिथं तीन दाणे ओळीनं ठेवलेले दिसायचे. कुणीतरी तोडगा सांगितला असणार, असा मला संशय. शेवटी दरडावलंच, "कुणी शिकवलं गं हे?"

"शिकवतंय कोण! शिट्ट्या ध्यानात राहत नाहीत हो. एक झाली की एक दाणा ठेवते."

रोग छातीत, मग डोकं कसं विसरतं? मला पटेना.

"औषधानं होतं असं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही औषधच बंद करायला लावलं असतं."

रागानं मी ताट सारून उठलो होतो. आता ती नाही, म्हणून खरं लिहितो. लावलंच असतं.