गल्लीला दाढी शिकवणारा न्हावी

त्याला सगळे लोणीदादा म्हणायचे, कारण त्याचा हात लोण्यासारखा. गालावरून वस्तरा फिरायला लागला की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायचं. बापानं त्याला फुगवलेल्या फुग्यावर साबण लावून तो वस्तऱ्यानं साफ करायला शिकवलं होतं. फुगा फुटला की कानाखाली एक. असे किती फुगे फुटले आणि किती कानाखाली बसल्या ते त्याचं त्यालाच ठाऊक, पण पुढं उभ्या आयुष्यात त्यानं कुणाच्या गालातून रक्ताचा थेंब काढला नाही. स्वभावही तसाच. बायको म्हणायची, या माणसाला रागसुद्धा शेजारून मागून आणावा लागतो.

दुकानात दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी बाकडं. गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या स्वतःच्या गल्लीतले पुरुष. कारकून, मास्तर, शिंपी, सगळे एक दिवसाआड हजर. घरी दाढी करणारा माणूस चिक्कू, अशी गल्लीची पक्की समजूत होती. रस्त्यापलीकडे खाटकाचं दुकान. खाटीक आडदांड, तोंडानं फाटका, पण लोणीदादाचा जुना दोस्त. दिवसभर कोपरापर्यंत रक्तानं माखलेले हात स्वतःच्या तोंडाला कसे लावायचे? म्हणून दाढी लोणीदादाकडे. दोघंही हत्यारवाले, दोघं मिळून साऱ्या गावाला नीट करतो, असं खाटीक म्हणायचा आणि स्वतःच खदाखदा हसायचा.

मग गावात दंगल पेटली. कशावरून, ते आता कुणी धड सांगत नाही. ज्याला त्याला आपलंच डोकं फुटलेलं आठवतं. सायकलवाल्याचं दुकान जळालं, आणि त्याचा भाऊ आत होता. चौकात एका माणसाला गटाराच्या झाकणानं ठेचला. बायका खिडक्यांना गाद्या लावून बसल्या. दुसऱ्या दिवशी संचारबंदी लागली. घराबाहेर दिसलात तर टाळकं फुटेल, असं भोंग्यावरून जवळजवळ याच शब्दांत सांगितलं गेलं. फक्त सकाळी थोडा वेळ खाण्यापिण्याची दुकानं उघडायची. दाढी काही खाता येत नाही, तेव्हा लोणीदादाच्या दुकानाला कुलूप.

दिवस गेले, आठवडे गेले, दाढ्या वाढल्या. गल्ली एवढी अरुंद की समोरच्याच्या घरात काय उकळतंय ते इकडून दिसायचं. कारकुनाला गालांना खाज सुटली, तो खिडकीत बसून खाजवत बसायचा. लोणीदादाला ते बघवेना. त्यानं हाक मारली, म्हणाला, पेटीत पातं असेल तर काढा, मी सांगतो तसं करा. आणि सुरू झाली की शाळा! आधी गरम पाण्याचा फडका. मग फेस, घाई नको. गाल आतून जिभेनं फुगवा. पातं आडवं नको, थोडं तिरकं. केसाच्या कलानं खाली या, वर जाऊ नका. कारकुनाचं बघून मास्तर खिडकीत आले, मास्तरांचं बघून शिंपी. बाहेर गाड्या जळत होत्या, गोळीबाराचे आवाज येत होते, आणि इथं अख्खी गल्ली तोंडाला फेस फासून लोणीदादाच्या तोंडाकडे बघत बसलेली. ज्याच्याकडे पातं नव्हतं त्याला यानं स्वतःचं जुनं दोरीला बांधून पाठवलं. कुणाला जमलं की टाळ्या पडत. बायको आतून म्हणाली, अहो, काय करताय काय! तो म्हणाला, बिचाऱ्यांना खाज सुटते गं. माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो तो असा, हसत हसत, लोकांच्या टाळ्या घेत.

त्याची लेक त्याच्याच घरी बाळंत झाली. जावई दुसऱ्या गावात अडकलेला. पोरीच्या अंगातून इतकं रक्त गेलं की उठून बसली तरी डोळ्यांपुढं अंधारी. सुईण म्हणाली, रक्त भरायला हवं, कलेजी खाऊ घाला. लोणीदादानं सकाळच्या सुटीत खाटकाला गाठून सांगितलं. खाटीक म्हणाला, पोर माझीही आहे, पहिली कलेजी येईल ती तिची.

ज्या दिवशी माल आला त्या दिवशी दुकानापुढं रांग नव्हतीच, नुसती रेटारेटी. एरवी चरबी काढ, हा तुकडा नको, तो दाखव, असं नाक मुरडणाऱ्या बायका हाडांसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटत होत्या. शिंप्यानं मास्तरांना कोपर मारून त्यांचा दात पाडला. सगळ्यांपुढं गावातला बडा ठेकेदार उभा, आपली दोन माणसं घेऊन. घरात तीन डोकी, पण माल उचलायचा पंगतीला पुरेल इतका, आणि संचारबंदी लागल्यापासून दर वेळी. तो म्हणाला, सगळं बांध. खाटकानं सगळं बांधलं. कलेजीसुद्धा.

लोणीदादा गर्दीतून पुढं घुसला. ओरडला नाही, भांडला नाही, नुसता खाटकाकडे बघत राहिला. खाटकानं एकदा नजर चुकवली, दोनदा चुकवली, आणि मग फळकुटावरून वाकून रक्ताळलेला पंजा त्याच्या छातीवर ठेवून त्याला असा मागं लोटला की तो थेट रस्त्याच्या मधोमध जाऊन पडला. नेमकी तेव्हाच सुटी संपल्याची शिट्टी झाली. गर्दी पळाली. पडलेला माणूस कसा पळणार? शिपायांनी त्याला घेरून बडवला. पाठ, मांड्या, तोंड, जिथं बसेल तिथं काठी. त्यानं हात तेवढे पोटाखाली घेतले, धंद्याचे हात म्हणून. खाटकानं शटर अर्ध्यावर ओढलं आणि खालून त्याचे पाय दिसत राहिले, हलले नाहीत. लोणीदादा घरी आला तो रांगत, तोंडातून रक्त गाळत. लेकीनं त्या दिवशी मिठाची पेज प्यायली.

लेक वाचली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण लोणीदादाच्या आत काहीतरी फाटलं ते फाटलंच.

एक दिवस बंदी उठली. लोणीदादानं पहाटे उठून दुकान झाडलं, आरसा पुसला, वस्तरे पट्ट्यावर घासले, दोन्ही खुर्च्यांवर धुतलेले पंचे टाकले. इतक्या दिवसांची तुंबलेली डोकी येणार, म्हणून घरून डबाही घेऊन आला. दुपार झाली. कुणी नाही. दुसरा दिवस, कुणी नाही. पोरांचे केस कापायला दोन बायका आल्या तेवढ्याच. पुरुष रस्त्यावरून जात, गुळगुळीत दाढ्या करून, आणि त्याला हात करत. त्यातला प्रत्येक गाल त्याच्या ओळखीचा होता. प्रत्येकाच्या जबड्याखाली डावीकडे थोडी खुंटं राहिलेली, कारण तिथं पातं कसं वळवायचं ते खिडकीतून नीट दाखवता आलं नव्हतं. स्वतःची बिनपाण्यानं करणारा न्हावी जगात हाच एक असेल.

आणि हीच माणसं कुठं जात होती? समोर! बंदी उठली तरी खाटकाकडची झुंबड हटेना. पूर्वी आठवड्याला अर्धा किलो नेणारा कारकून आता दोन दोन किलो नेई, न जाणो उद्या पुन्हा बंद झालं तर! मास्तरांनी हप्त्यावर फ्रीज घेतला होता. आता कुणी म्हणत नव्हतं हा तुकडा नको, तो दाखव. मिळेल ते उचलायचं, पिशवीत कोंबायचं आणि मागच्याला ढकलत बाहेर पडायचं. भीती गेली होती, पण भीतीनं लावलेली सवय अंगाला चिकटून बसली होती. तशीच वाचवायची सवय. दाढीचे पैसे वाचतात हे एकदा कळल्यावर ते कशाला सोडतील? लोणीदादा बाकड्यावर माशा मारत हे सगळं बघायचा आणि त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी त्यानं कारकुनाला रस्त्यात अडवलं आणि सरळ विचारलं, का येत नाही. कारकून मनापासून खूश होऊन म्हणाला, दादा, तुमच्या कृपेनं हात बसला हो माझा! पुढचं वाक्य त्याच्या घशातच राहिलं, कारण लोणीदादानं तो घसा धरला होता. भिंतीवर त्याचं डोकं आपटलं, एकदा, पुन्हा एकदा. मांसाची पिशवी फुटून रस्त्यावर पडली, कुत्री धावली. चौघांनी मिळून सोडवेपर्यंत कारकुनाचे डोळे पांढरे झाले होते. लोणीदादा दुकानात गेला आणि पितळी वाटी त्यानं आरशात घातली. आरसा आडवातिडवा तडकला. झालं! आता जो चुकून आला असता तोही येईना. ज्याचं डोकं फिरलंय त्याच्या हाती मान कोण देईल? बायको म्हणाली, दुकान विकून टाका, नाहीतर तुम्ही कुणाचा तरी जीव घ्याल. कुणाचा, ते त्याला ठाऊक होतं. तो रोज वस्तऱ्याला धार लावायचा आणि समोर बघायचा.

समोर खाटकाची दाढी वाढत होती. तो खिडकीतल्या शाळेत नव्हता, आणि दुसऱ्या न्हाव्याकडेही गेला नाही. गळा झाकणारी ती दाढी बघून लोणीदादाचा संताप आणखीच वाढायचा.

आणि एका सकाळी तो आला. रांग तशीच ताटकळत ठेवून, रक्ताळलेल्या एप्रनसकट, रस्ता ओलांडून. खुर्चीत बसला, मान मागं टाकली, डोळे मिटले. लोणीदादानं पंचा बांधला. कात्रीनं दाढी उतरवली, फडका लावला, फेस केला. सगळं रीतसर. उजवा गाल झाला. मग वस्तरा गळ्यावर आला, जिथं नस उडते तिथं, आणि थांबला.

"माझ्या पोरीची कलेजी का दिलीस?"

खाटकानं डोळे उघडले नाहीत. म्हणाला, "ठेकेदाराला भ्यालो. आलेला सगळा माल तोच उचलत होता."

"आणि मला ढकललंस का?"

खाटकानं आवंढा गिळला तशी पात्याखाली कातडी हलली. "तू शिव्या दिल्या असत्यास तर नसतं ढकललं. तू नुसता बघत होतास. ते सहन होईना."

लोणीदादाच्या डोळ्यांत रक्त उतरलं. वस्तरा गळ्यावरून उचलला गेला तो कसा, हे त्यालाही नंतर सांगता आलं नाही. डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत डावा गाल त्यानं उभा चिरला. फेस लाल झाला. रक्त मानेवरून खाली एप्रनवर उतरलं, तिथं आधीच बकऱ्याचं रक्त होतं. लोणीदादा मागं सरकून भिंतीला टेकला. आता हा उठणार, आता आपला जीव घेणार, आणि घेऊ दे, असं त्याला वाटलं.

खाटकाच्या मुठी खुर्चीच्या हातांवर आवळल्या होत्या. त्या हळूहळू सुटल्या.

"अर्धी राहिलीय," तो म्हणाला.

लोणीदादानं तुरटीचा खडा उचलला. तो पहिल्यांदाच रक्त थांबवायला वापरला जात होता. जखमेवर दाबून धरला, रक्त जरा थांबलं, आणि जखमेच्या बाजूबाजूनं उरलेली दाढी केली. आयुष्यात इतका सावकाश हात त्यानं कधी चालवला नव्हता. खाटीक उठला, पैसे ठेवले, गालावर पंचा दाबून समोर गेला.

रांगेत हलकल्लोळ झाला. मास्तर, शिंपी, ठेकेदाराची माणसं, सगळे चिरलेल्या गालाकडे बघायला लागले. मास्तरांनी विचारलं, कुणी केलं हे? लोणीदादा दारात उभा होता. आता पोलीस, आता तुरुंग, हे त्याला कळलं, पण तो आत गेला नाही.

खाटकानं सुरा उचलला आणि साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "दादाचा वस्तरा घेऊन स्वतःची स्वतः करायला गेलो, दुसरं काय! दादा होता म्हणून रक्त थांबलं. पातं गळ्याला लागलं असतं तर मेलोच होतो."

रांगेतल्या पुरुषांचे हात नकळत आपापल्या गळ्याकडे गेले. लोणीदादा आत येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि तडकलेल्या आरशासमोर तोंडात पंचा कोंबून रडला. मग घाईघाईनं तोंड धुतलं, कारण दारात मास्तर येऊन उभे राहिले होते.