कुमुद आणि किल्ल्यांची मागची दारं

निखिलचा फोन आला तेव्हा मी पोहे भिजवत होते. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला आणि थांबला. मला वाटलं, आता रडेल. पण तो म्हणाला, "खुर्चीतच होती. बाजूला चहा. आणि दार उघडं होतं, मावशी... तिचं दार." मी गॅस बंद केला. माझी मैत्रीण कुमुद फार दिवसांची सोबती नाही हे आम्हाला वर्षभर ठाऊक होतं. हृदयाची झडप निकामी होत चालली होती, आणि ती स्वतः डॉक्टर, तिला कोण फसवणार? त्यामुळे पहिल्या वाक्याला मी रडले नाही. दाराच्या वाक्याला रडले. आता महिना-दीड महिना झालाय, भेटायला येणारे पांगलेत, तेव्हा ते दार काय होतं हे नीट सांगावं म्हणून लिहायला बसलेय. पण सुरुवात किल्ल्यांपासून करावी लागेल, कारण कुमुदचं सगळं तिथूनच सुरू व्हायचं.

कुमुद मूळची साताऱ्याची. वडील शाळामास्तर आणि गडांचे वेडे. बर्मिंगहॅममध्ये ती जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासणारी, आमची घरं शेजारशेजारच्या रस्त्यांवर. बँक हॉलिडे आला की लोक बार्बेक्यू करतात, आम्ही किल्ला करायचो. बहुतेक वेल्समधला आणि बहुतेक पावसात. थर्मास, चिवडा, छोटा निखिल आणि माझे दुखरे गुडघे असा सगळा लवाजमा. पहिल्या पायरीला वाकून हात लावल्याशिवाय बाई वर चढायची नाही. एकदा तिकीट देणाऱ्या आजीबाई घाबरून बाहेर आल्या, "आर यू ऑल राइट, लव्ह?" कुमुद म्हणाली, "जस्ट सेइंग हलो." आत गेलं की लोक दरबार बघत, राणीची खोली बघत. ही मात्र तडक मागच्या तटाकडे. "राजा बसायचा कुठे ते मला नको सांगूस, नीलू. निसटायचा कुठून ते बघू." चोरदरवाजा सापडला की त्याच्यासमोर बसून चिवडा खायचा, नाही सापडला तर तो किल्ला बाद. समुद्राकाठच्या एका किल्ल्यात खाली पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या सापडल्या तेव्हा तिला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "अगं, जावई सापडल्यासारखी काय नाचतेस!"

ती असं का करते हे मला ठाऊक होतं. म्हणजे, मला वाटत होतं की ठाऊक आहे.

सत्तरच्या दशकात ती लग्न होऊन इकडे आली. नवरा हॉस्पिटलात रजिस्ट्रार डॉक्टर, हुशार, सभ्य, मंडळाच्या गणपतीत आरत्या तोंडपाठ म्हणणारा. हात उचलायचा नाही. फक्त ड्यूटीवर जाताना पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावून किल्ली घेऊन जायचा. "तुला इथलं काही कळत नाही, कोण कुठला दारात यायचा." हिची एम.बी.बी.एस.ची सर्टिफिकेटं आणि पासपोर्ट त्याच्या हॉस्पिटलातल्या कपाटात. एका वीकेंडला तो ऑन-कॉल होता. रविवारी दुपारी आमच्या मागच्या दारावर थाप पडली. आमच्या त्या विटांच्या घरांच्या मागून एक अरुंद गल्ली जाते, तिथून सहसा फक्त मांजरं येतात. दार उघडलं तर कुमुद, कडेवर दोन वर्षांचा निखिल, आणि हातात ब्रेड कापायची सुरी. मी किंचाळणारच होते. "घाबरू नकोस," ती म्हणाली, "दाराचा रंग कापायला घेतली होती. ठेवायचीच राहिली." मायलेक आमच्याकडे राहिले ते ती नोकरीला लागेपर्यंत. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, तसे मंडळातले बरेच वासे फिरले. आमचे अरविंद कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण त्या वेळी ते त्या गृहस्थाला भेटून तिचे कागद घेऊन आले. काय बोलले ते मला आजवर सांगितलेलं नाही.

तर अशा त्या दाराची मी पुढे काय कदर केली? त्याच्यापुढे फ्रीझर ठेवला. स्वयंपाकघरात दुसरीकडे जागा नव्हती, त्याला मी काय करू? फ्रीझरच्या शेजारी तांदळाचं पोतं. कुमुद दर वेळी घरात आली की आधी तिकडे बघायची. "ज्या दारातून मी आले ते बुजवून टाकलंस ना!" मी म्हणायची, "अगं, मला कुठे पळून जायचंय? आमचे हे एवढे गरीब, त्यांनाच कधीतरी पळावंसं वाटेल." यावर तिचं ठरलेलं उत्तर, "पळायचं नसतं ना, तेव्हाच उघडतं का ते बघून ठेवायचं असतं." मी हसून चहा टाकायची.

निखिल मोठा झाला, मेडनहेडला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला, घर घेतलं. कुमुदला जिना चढताना धाप लागायला लागली तसा तो मागेच लागला की आता माझ्याकडे ये. मुलगा गुणी. गॅरेज फोडून त्याने आईसाठी छान खोली बांधली, वेगळी बाथरूम, खाली गरम होणारी फरशी. मोठ्या हौसेने आम्हा दोघींना दाखवायला नेलं. कुमुदने खोलीभर एक फेरी मारली आणि विचारलं, "बाहेर जायचं दार?" निखिल म्हणाला, "किचनमधून, आई. तुला एकटीला बाहेर जायची गरजच नाही, दॅट्स द होल पॉइंट." कुमुद म्हणाली, "खोली सुंदर आहे. मी येणार नाही." झालं! त्याचं तोंड एवढंसं झालं. परतीच्या वाटेवर मी तिला झाड झाड झाडलं. मुलगा जीव टाकतो, आणि तुला दाराचं काय पडलंय? त्याला खरं काय ते सांग तरी. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्याच्या वडलांबद्दल त्याच्या मनात जे चांगलं आहे ते मी का मोडू? गेलेला माणूस आहे." निखिलला एवढंच माहीत होतं की आईबाबांचं पटलं नाही. त्यामुळे त्याला वाटलं, आईचा आपल्यावर विश्वास नाही. दोघांचं फोनवरचं बोलणं जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढ्यावर आलं.

अशा वेळी तिने राजस्थान काढलं. हे किल्ले तिचे राहिलेले होते. "वाळवंटातला किल्ला बघितल्याशिवाय मी मरणार नाही आणि कुणाकडे राहायलाही जाणार नाही." कार्डिऑलॉजिस्टने कपाळाला हात लावला. निखिलने मुकाट्याने रजा टाकली आणि आमच्याबरोबर आला, नवा डिजिटल कॅमेरा आणि आईच्या गोळ्यांची पिशवी गळ्यात अडकवून.

जोधपूरच्या किल्ल्यात दरवाज्याशेजारी भिंतीवर बायकांचे हात आहेत, सती गेलेल्या राण्यांचे. लहान लहान पंजे, शेंदूर लावलेले. मी आपले हात जोडले. कुमुद जवळ गेली, आपला पंजा त्या पंजांसमोर धरून बघितला, भिंतीला न टेकवता. मग गाइडला विचारलं, "चोरदरवाजा किधर है?" तो जरा छाती काढून म्हणाला, "मॅडम, यहाँ की रानियाँ भागती नहीं थीं." कुमुद म्हणाली, "पूछा था किसी ने उनको?" मी तिला कोपराने ढोसलं, अगं, इथे तरी गप्प बस! पण गाइड बिचारा भला माणूस. त्या हातांकडे बघून म्हणाला, "नहीं मॅडम. ये तो कहीं लिखा नहीं है." पुढे त्याने आम्हाला पाठ केलेलं काहीच सांगितलं नाही, नुसता तिच्याबरोबर हळूहळू चालत राहिला. निखिल हे सगळं बघत होता.

जैसलमेरचा किल्ला अजून नांदता आहे. पिवळ्या दगडाच्या गल्ल्या, ओट्यावर बसलेल्या बायका, मध्येच गाय, वाळत घातलेल्या गोधड्या. कुमुद दर दहा पावलांवर टेकत होती. एका ओट्यावर म्हातारी बाजरी निवडत होती, तिच्याशेजारी ही फतकल मारून बसली आणि दोन मिनिटांत विचारलंच, "पीछे से रास्ता है क्या?" म्हातारी बोळकं पसरून हसली. "है ना! सासू से लड़ाई हो तो पीहर जाने का." माहेरी जायला म्हणे! आणि आम्हाला खरंच आत नेऊन चुलीमागचा दगडी जिना दाखवला, खालच्या गल्लीत उतरणारा. कुमुदच्या चेहऱ्यावर वेल्सच्या त्या पायऱ्यांपाशी बघितलेला आनंद. बाहेर येऊन बसलो तेव्हा निखिलने विचारलं, "आई, तू का बघते हे? लाइक, एव्हरी सिंगल टाइम? आय रिअली वॉन्ट टू नो."

मला वाटलं, उडवून लावेल. पण ती सांगू लागली, पेशंटला रिपोर्ट सांगावा तशी. "तुझे बाबा तुझ्याशी कधी वाईट वागले नाहीत. पण मला ते कुलूप लावून जायचे."

"लॉक्ड? फ्रॉम आउटसाइड?"

"हो. तू दोन वर्षांचा होतास. मी पुढच्या दाराकडे बघत रडत बसायची. एक दिवस तुझे आजोबा आठवले. ते म्हणायचे, गडाला वेढा पडला की महादरवाजाकडे तोंड करून बसायचं नाही. गडाला फेरी मारायची. बांधणाऱ्याने कुठेतरी वाट ठेवलेली असतेच. तुला कडेवर घेतलं आणि घराला फेरी मारली. धुण्याच्या खोलीत फळ्यांमागे एक दार होतं, रंग देऊन देऊन भिंत झालेलं. पण कडी आतून होती, निखिल. कडी आतून असली तर तो किल्ला. बाहेरून असली तर तुरुंग."

आजोबांची ती गोष्ट मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. सुरी मला माहीत होती, फेरी माहीत नव्हती. निखिल म्हणाला, "आय थॉट यू डिडन्ट ट्रस्ट मी."

"तुझ्यावर नाही तर कुणावर ठेवू, वेड्या? पण मला एक दार हवं. बाहेर जायला नाही रे... आहे, एवढं माहीत असायला." तिशी उलटलेला पोरगा, गल्लीत सगळ्यांसमोर रडला. म्हातारीने काही न विचारता चहा आणून दिला. कुमुद म्हणाली, "पी. गार होतोय."

घरी परतल्यावर निखिलने पहिलं काम केलं ते बिल्डरला बोलावण्याचं. बिल्डर म्हणाला, किचनमधून परफेक्टली गुड दार आहे की! कुमुद म्हणाली, "गुड फॉर हूम?" त्यानंतर त्या माणसाने निमूटपणे भिंत फोडली. बागेच्या बाजूला दार झालं, दोन पायऱ्या, आतून पितळी कडी. कुमुद राहायला गेली त्या दिवशी तिने वाकून पहिल्या पायरीला हात लावला, मग दाराची जादा किल्ली स्वतःच निखिलच्या हातात ठेवली. "ही तुझ्याकडे असू दे." आणि गंमत म्हणजे कडी तिने बहुतेक कधी लावलीच नाही. रोज सकाळी दार उघडून, समोर खुर्ची टाकून, शाल गुंडाळून चहा प्यायची. मी फोनवर ओरडायची, न्यूमोनिया होईल! म्हणायची, "होऊ दे. हवा चांगली आहे." तिथेच, तशीच गेली. कुठे निघाली नव्हती. सुखात होती. मला तिची फार आठवण येते, आणि तिच्यावाचून बँक हॉलिडेला काय करायचं ते मला अजून कळत नाही.

गेल्या रविवारी मी अरविंदना म्हटलं, "अहो, जरा हात लावा." आधी तांदळाचं पोतं ओढलं, मग फ्रीझर. मागे हे एवढं धुळीचं पांघरूण, एक हरवलेली पळी आणि ते दार. कडी सरकली, पण दार हलेना. मधल्या वर्षांत आम्हीच किती वेळा रंग मारला असेल, फटच उरली नव्हती. मी खणातून ब्रेडची सुरी काढली.

"अगं, कुठे निघालीस?" अरविंद म्हणाले.

"कुठे नाही. उघडतं का बघतेय."

वरून खाली रंग कापत आले. हात दुखले, दोनदा बसले. मग दोघांनी मिळून हिसडा दिला आणि उघडलं. बाहेर तीच गल्ली, आता तिथे कौन्सिलचे कचऱ्याचे व्हीली बिन, आणि भिंतीवर एक मांजर. मी दार तसंच उघडं ठेवलं आणि चहा टाकला. थंडी येतेय म्हणून अरविंद कुरकुरले, पण बंद करायला काही उठले नाहीत.