मागील शाळेचा रकाना

"मी बसायला नाही आली, बाबूजी. काम सांगा." आमच्या शाळेच्या ऑफिसात शिरताच बाईंचं हे ठरलेलं. खुर्ची पुढे केली तर तिच्यावर पिशवी ठेवत आणि स्वतः येरझाऱ्या घालत. मी पडलो खुर्चीला चिकटलेला कारकून. मला नुसतं बघूनच धाप लागायची. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच.

बालसुधारगृहातून सुटलेल्या मुलांना पुन्हा शाळेला, कामाला लावणं ही त्यांची नोकरी. नोकरी पाचला संपायची, बाई संपत नसत. मुलगा गावी परतला की त्या नेमक्या बाजाराच्या दिवशी तिथे पोहोचत. देडतलाईच्या बाजारात अशाच एकाला सोबत घेऊन त्या तासभर वांगी निवडत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "लोकं बघतीन, बोलतीन, मग थकतीन."

खकनारकडच्या एका मुलाला त्यांनी आमच्याकडे दहावीत घातलं. "मधलं साल कुठे होता, कोणाला सांगायचं नाही," असं मला तीनदा बजावलं. मी तोंडानं खरंच कुणाला सांगितलं नाही. पण रजिस्टरातला रकाना कोरा ठेवायचा नाही, ही माझी जुनी खोड. 'मागील शाळा' या रकान्यात मी वळणदार अक्षरात लिहून टाकलं, बालसुधारगृह. वर्गाच्या यादीत ते जसंच्या तसं उतरलं, एका पोरानं वाचलं, आणि तिसऱ्या दिवसापासून तो मुलगा यायचा बंद झाला.

बाई आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रजिस्टर बघून एवढंच म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे तुमचं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग महिनाभर त्या रोज त्याच्या घरी जात राहिल्या. तो ऐकेना. परीक्षेचा फॉर्म भरायला चार दिवस उरले आणि बाईंची बदली झाली. जाताना फॉर्म माझ्या हातात कोंबून म्हणाल्या, "आता तुम्ही जा."

मुलगा शेतात केळीचे घड उतरवत होता. मी एका दमात सांगितलं, "ते मी लिहिलं होतं. माझी चूक. तू परत ये."

हाताचा चीक पँटला पुसून त्यानं फॉर्मवर सही केली.

"पण बाई तर बोलल्या, गलती त्यांची. त्यांनीच लिहवलं तुमच्याकडून."

बाईंचा नंबर आहे माझ्याकडे. रोज लावायला घेतो, आणि फोन ठेवून देतो.