कोऱ्या मशीनवर चाललं तरच

आमच्या रविवारच्या मंडळात किस्से कुणी मुद्दाम करत नाही, नियम पाळता पाळता होतात. नगरला एका क्लासच्या खोलीत आम्ही चार-पाच जण जमतो आणि कंप्युटरच्या एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पायथन भाषेतल्या प्रोग्रॅमची पॅकेजं बांधतो, म्हणजे कुणालाही थेट बसवता येतील असे गठ्ठे, तेही फुकट. घरचे रिकामटेकडे म्हणतात. म्हणू देत, आमचं पॅकेज कुठं अडत नाही!

नियम दोनच. पॅकेज बांधताना इंटरनेटला हात लावायचा नाही, लागेल ते आधीच जवळ हवं. आणि अख्ख्या सिस्टिमला पायथन एकच, प्रत्येकानं आपापला आणायचा नाही. राखणीला वैशालीताई, एरवी सुप्याला कंपनीत क्वालिटीला.

* * *

आमच्यातला बापू एकदा पॅकेज बांधत होता. ताईनं नेटची केबल उपटली, तरी पॅकेज झक्कास बांधलं गेलं. बापूची कॉलर ताठ. ताई म्हणाली, "खिशातला मोबाईल काढ."

हॉटस्पॉट चालूच होता. तो बंद केल्यावर पॅकेजनं मान टाकली. तेव्हापासून सगळ्यांचे मोबाईल ताईच्या स्टीलच्या डब्यात जातात. बापूच्या मोबाईलला अजून लोणच्याचा वास येतो.

* * *

बांधलेलं पॅकेज ज्यावर चालवून बघतो ते तपासणीचं मशीन ताई दर रविवारी पुसून कोरं करते. बापूनं त्यातच फोटो ठेवले.

"ताई, माझ्या साखरपुड्याचे फोटो होते त्यात!"

"मग परत कर साखरपुडा."

* * *

गणेश खर्ड्याचा. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे दर हंगामात याची शाळा बदलायची आणि नव्या शाळेत परत पहिल्या धड्यापासून सुरुवात. म्हणून त्यानं प्रोग्रॅम लिहिला. पोराचं कुठवर शिकून झालंय ते गावची शाळा पेनड्राइव्हवर देते, कारखान्याजवळची शाळा तिथून पुढं शिकवते. श्रीगोंद्याकडच्या अशा एका शाळेत आमचीच सिस्टिम आहे, पण तिथं अधिकृत पॅकेजच चालतं. सिस्टिमची नवी आवृत्ती नव्या पॅकेजांसाठी बंद व्हायला आली होती. हुकलं की हंगाम गेला.

आणि या पठ्ठ्यानं पॅकेजमध्ये स्वतःचा जुना पायथन कोंबलेला.

"ताई, माजं जुन्यावरच चालतंय. एवढ्या एकाला सूट द्या की."

"ही पंगत आहे गणेश. एकाच पातेल्यातलं जेवायचं."

"लेकरांचा हंगाम जाईल, ताई."

"म्हणूनच सांगते. त्या जुन्याची दुरुस्ती आता कुणी करत नाही. भर हंगामात बंद पडलं, तर शाळेतल्या बाई परत तुझ्या प्रोग्रॅमला हात लावणार नाहीत."

गणेश तडक निघून गेला. मला ताईचा भयंकर राग आला, हे तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "रागव. आणि त्याला फोन कर."

तो आला. ताईनं कंपनीत रजा टाकली आणि दोघांनी मिळून सगळा प्रोग्रॅम नव्या पायथनवर आणला. मोबाईल डब्यात, केबल बाहेर, मशीन कोरं. चालला! आवृत्ती बंद व्हायच्या आत पॅकेज गेलं.

* * *

हंगाम सुरू झाल्यावर गणेश, ताई आणि मी त्या शाळेत गेलो. जामखेडकडून आलेली एक मुलगी पुढच्याच बाकावर होती. बाईंनी पेनड्राइव्ह लावला, तिचं नाव टाकलं, स्क्रीनवर माहिती आली. बाईंनी मान डोलावली आणि सवयीनं पुस्तकाचा पहिला धडा उघडला.

मुलगी उठून उभी राहिली. स्क्रीनकडं बोट दाखवून म्हणाली, "बाई, ह्यो झालाय माजा. तितं लिवलंय बगा."