रक्ताची वाट पाहणारे दाजी

माणसाच्या अंगातून रक्त कसं वाहतं, हे अख्ख्या नाशकात आमच्या दाजींइतकं कोणी पाहिलेलं नाही, असं दाजींचं स्वतःचं ठाम मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एमआरआयच्या मशीनवर त्यांची उभी हयात गेली. मशीन बंद असलं तरी आतलं चुंबक जागंच असतं, या धास्तीने ते घरीदारी लोखंड अंगाला लागू देत नाहीत. पट्टा नाही, घड्याळ नाही. सख्ख्या पुतण्याच्या लग्नातही ते नाडीचा लेंगा घालून मिरवले. शिवाय अक्षता टाकायच्या सोडून नवरदेवाच्या मानेची शीर न्याहाळत मला म्हणाले, "शालकबुवा, प्रवाह उत्तम आहे. मुलीने नशीब काढलं."

मशीनमध्ये जाण्याआधी काढाव्या लागणाऱ्या मंगळसूत्राऐवजी घालायला त्यांच्या टेबलाच्या खणात हळकुंड बांधलेले पिवळे दोरे कायम तयार असतात. एकदा विंचूरच्या एक आजी मंगळसूत्र काढेनात. "मी नाय काढणार! माझा धनी जित्ता भाईर बसलाय!" दाजींनी वाद घातला नाही. धन्यालाच आत बोलावलं आणि त्याच्या हातून दोरा बांधून घेतला. म्हातारा इतका लाजला, की गाठ तीनदा सुटली.

दाजींचा एक नियम मात्र कडक. चित्र दिसलं तरी निकाल सांगायचा नाही. "ते डॉक्टर सांगतील," एवढंच. पाया पडणाऱ्यांनाही त्यांनी कधी दाद दिली नाही.

मागच्या वर्षी ताईच्याच हृदयाची झडप गळते असं निघालं. दर ठोक्याला किती रक्त मागे फिरतं ते मोजायचं, आणि त्यावर ऑपरेशन करायचं की नाही ते ठरणार. दाजी म्हणाले, "तिला मशीनवर मीच घेणार." मला शेजारी बसवलं, काचेपलीकडे ताई मशीनमध्ये गेली, आणि पडद्यावर चित्र उमटलं. "पांढरं पुढे जाणारं, काळं मागे येणारं," दाजींनी नेहमीच्या ऐटीत समजावलं आणि माइकवर म्हणाले, "मॅडम, श्वास सोडा. आता रोखा." लग्नाला तीस वर्षं झालेली मॅडम आत खुदकन हसली. सगळं पुन्हा करावं लागलं.

दुसऱ्या वेळी ती हसली नाही. मशीनचा खडखडाट थांबला, तरी दाजी पडद्याकडे बघतच राहिले. मी पाहिलं तर त्यांचाही श्वास रोखलेला. मग स्पीकरमधून बारीक आवाज आला, "अहो, घेऊ का आता श्वास?"

"घे गं बाई, घे!" दाजी जवळजवळ ओरडलेच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, गळती थोडी आहे, ऑपरेशन सध्या नको, वर्षाने पुन्हा पाहू. घरी पेढे आले. मी दाजींना कोपऱ्यात गाठून म्हटलं, "तुम्हाला कालच कळलं होतं, खरं ना? रात्रभर ताईला उगाच टांगून ठेवलंत."

दाजींनी पेढा तसाच हातात धरला होता. "नाही हो," ते म्हणाले. "एवढी वर्षं लोकांचं रक्त बघतोय, पण काल पांढरं कुठलं नि काळं कुठलं, मला काही कळेना."

मला त्यांची थट्टा करायची होती. जमलं नाही. आत ताई कुणाशी तरी मोठ्याने बोलत होती, आणि आम्ही दोघं नुसते ते ऐकत उभे राहिलो.