काडतुसं आत्याकडे

आजोबांच्या माघारी त्यांची बारा बोअरची बंदूक बाबांच्या परवान्यावर आली आणि घरात भांडण लागलं. जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याला लागून आमचं शेत. रानडुकरं एका पहाटेत अर्धा मका लोळवतात, तर मग गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं, हा बाबांचा सवाल. समोरच राहणारी त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, म्हणायची, "रागाले डोये नसतात. बंदूक घरात नको." दोघंही सारखेच हेकट. महिनाभर एकमेकांकडचा चहा बंद होता.

शेवटी तोडगा आत्यानेच काढला. बंदूक बाबांच्या कपाटात, काडतुसं तिच्या पापडाच्या डब्यात. डुकरं आली की तिला हाक मारायची. ती काडतुसं पदरात बांधून सोबत येणार आणि जनावर स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्यावरच गाठ सोडणार. कायद्यात हे कुठे बसतं, देव जाणे. मी तिला 'दारूगोळा खातं' म्हणून चिडवायचे. तीही कुरकुरत, गुडघे दाबत निघायची. तीन हंगामांत हवेत चार-पाच बार झाले असतील. तेवढ्याने डुकरं पळायची.

गेल्या दिवाळीनंतर शेजाऱ्याने नांगरताना दोन शेतांमधला धुरा हातभर आमच्याकडे सरकवला. बाबा जाब विचारायला गेले, तर त्याने चारचौघांत आजोबांच्या नावाने शिवी हासडली. भर दुपारी बाबा घरी आले, कपाट उघडलं आणि बंदूक घेऊन आत्याच्या दारात उभे राहिले.

"डुकरं आली," ते म्हणाले.

डुकरं भर दुपारी येत नाहीत, हे आत्याला काय कळत नव्हतं? मला वाटलं, ती दार लावून घेईल, आरडाओरडा करेल. तिने डबा उघडून दोन काडतुसं पदराला बांधली. "चाल," म्हणाली. 'आत्या, नको' म्हणत मी मागे धावले; तिने वळूनही पाहिलं नाही.

शेजारी धुऱ्यावरच होता. बंदूक पाहून त्याच्या हातातलं फावडं गळालं. आत्या सरळ दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली आणि पदराची गाठ बाबांपुढे धरली.

"दाखव मले. डुक्कर कुठी हाय?"

आत्या भ्यालेली नव्हती असं नाही. पण ती जागची हलली नाही. एवढी छाती मी आजवर कुणाची पाहिली नव्हती. जिला मी जन्मभर चिडवलं, तिच्याकडे पाहून माझ्या अंगावर काटा आला.

"सांग ना. तू दाखव, गाठ मी सोडतो," आत्या म्हणाली.

बाबांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बंदुकीचा दस्ता मातीत टेकवला.

"नाई दिसत, बाई."